हिमालयातील हिमलोट

दुरून डोंगर साजरे, ही म्हण हिवाळ्यातील हिमालयाला अक्षरशः लागू पडते. पायथ्याच्या गावातून पाहणाऱ्याला जे उतार पांढरेशुभ्र व निश्चल दिसतात, ते प्रत्यक्षात एक क्षणही स्थिर नसतात. त्यांवरील हिमाचा थर स्वतःच्याच भाराने दबत असतो, केसागणिक खाली सरकत असतो आणि आतल्या आत आपले रूप पालटत असतो. मग एखाद्या वेळी उताराशी असलेला त्याचा संबंध तुटतो आणि तो खाली धावू लागतो. यालाच हिमस्खलन किंवा हिमलोट असे म्हणतात. शासकीय हिंदी परिभाषेत त्याला ‘अवधाव’ असे नाव आहे, आणि ते अर्थपूर्ण आहे. हा बर्फाचा नुसता पडाव नव्हे, ती खरोखरच धाव असते.

या धावेने भारतात किती माणसे गिळली याची कल्पना मैदानी प्रदेशातील वाचकाला सहसा नसते. मार्च १९७९मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात दीर्घकाळ चाललेल्या हिमवृष्टीनंतर लागोपाठ हिमलोट कोसळले व त्यांत दोनशेहून अधिक लोक मरण पावले. फेब्रुवारी २००५मध्ये काश्मीरमध्ये पीर पंजाल रांगेच्या कुशीतील वाल्टेंगू नार हे गाव हिमाखाली गेले. तेथील मृतांची संख्या दीडशेच्या पुढे होती. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गच्या उतारावर प्रशिक्षण घेत असलेले १७ सैनिक गेले. गावकरी आणि सैनिक यांना जागा निवडण्याचे स्वातंत्र्य थोडे असते. गाव पिढ्यान्‌पिढ्या तेथेच असते, ठाण्यावर पहारा ठेवावाच लागतो. पण जो माणूस हौसेने, स्की बांधून किंवा पाठपिशवी घेऊन हिवाळ्यात डोंगरात जातो, त्याची गोष्ट निराळी आहे. जगभरच्या अपघातांच्या नोंदी पाहिल्या तर असे आढळते की, अशा हौशी प्रवाशांचे प्राण घेणाऱ्या दर दहा हिमलोटांपैकी सुमारे नऊ हिमलोट त्या प्रवाशाने स्वतः किंवा त्याच्या सोबत्याने सुरू केलेले असतात. डोंगर अंगावर कोसळला असे म्हणण्यापेक्षा माणसाने तो आपल्याच पायाने मोकळा केला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

पायाने डोंगर मोकळा होतो तो कसा, हे समजण्यासाठी हिमलोटाचे दोन मुख्य प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. पहिला प्रकार सुट्या हिमाचा. एखाद्या बिंदूपाशी थोडे हिम निसटते, खाली जाताना आणखी हिमाला ओढून घेते आणि उताराचा पट्टा पंख्यासारखा रुंदावत जातो. असे लोट पुष्कळ वेळा लहान असतात, आणि कड्याच्या किंवा घळीच्या काठावर नसलेला माणूस त्यांतून बहुधा निभावतो. दुसरा प्रकार लादीचा. यात वरच्या थराचा एक सलग तुकडा, फरशीच्या लादीप्रमाणे, एकाच वेळी चहूबाजूंनी तुटून निघतो. ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद व अर्धा मीटर जाड एवढी लादी डोंगराच्या मानाने अगदी किरकोळ; पण दबलेल्या हिमाचे वजन घनमीटरला २०० ते ३०० किलोग्रॅम धरले, तर तिचा भार सुमारे ३०० टन होतो. तो काही सेकंदांतच आगगाडीचा वेग गाठतो. शिवाय लादी ज्या रेषेवर तुटते, ती रेषा बहुधा प्रवाशाच्या पायाखाली नसून त्याच्या डोक्यावर, उताराच्या वरच्या अंगाला असते. बाजूला उडी मारून सुटणे म्हणूनच कठीण. हिमाखाली मरण पावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा बळी लादीने घेतलेला असतो.

लादी तुटण्यासाठी तिच्याखाली एक दुबळा थर असावा लागतो, आणि या दुबळ्या थराची उत्पत्ती हा हिमविज्ञानातील सर्वांत मनोरंजक भाग होय. हिवाळ्यात पडलेले हिम म्हणजे एकसंध राशी नसते. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, मधल्या उन्हाचा एक पापुद्रा, वाऱ्याने आणून टाकलेला एक पट्टा, असे ते साचत जाते. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास राहते, कारण जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. निरभ्र रात्री पृष्ठभाग मात्र उणे १५ किंवा उणे २० अंशांपर्यंत उतरतो. खालच्या उबेकडून वरच्या थंडीकडे हिमाच्या छिद्रांतून बाष्प वर जाऊ लागते आणि मूळचे कण झिजून त्यांच्या जागी कोनदार, चकचकीत, एकमेकांना न चिकटणारे दाणे तयार होतात. मूठभर चांगले हिम घेऊन त्याचा लाडू वळता येतो. या दाण्यांचा लाडू वळत नाही. साखरेप्रमाणे ते बोटांतून गळून जातात. ताटात साखर पसरून तिच्यावर फरशी ठेवावी आणि ताट हळूहळू कलते करावे, म्हणजे पुढे काय होते ते स्वयंपाकघरातही पाहता येईल.

येथे एक गोष्ट सामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. हिम थोडे तर धोका थोडा, असे नवख्याला वाटते. परंतु शून्य व उणे २० यांमधील अंतर जर तीन मीटर जाडीच्या थरात विभागले गेले, तर बाष्पाचा प्रवाह मंद राहतो आणि कण परस्परांना घट्ट धरतात. तेच अंतर अर्ध्या मीटरच्या पातळ थरात आले, तर सबंध थरच साखरेसारखा भुसभुशीत होतो. डिसेंबरमध्ये थोडेसे हिम पडून पुढे तीन आठवडे कडाक्याची निरभ्र थंडी पडली, की लाहौलसारख्या प्रदेशात हेच घडते. जानेवारीत मोठी हिमवृष्टी होते तेव्हा ती या पोकळ पायावर होते. वरून पाहणाऱ्याला फक्त जानेवारीचे हिम दिसते; डिसेंबरमध्ये काय घडले त्याचा हिशेब खाली दबलेला असतो, आणि उतार तो आठवडेच्या आठवडे विसरत नाही.

हिमालय सर्वत्र सारखाही नाही. पश्चिम हिमालयात हिवाळ्याचे हिम आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण व अफगाणिस्तानमार्गे येणाऱ्या वादळी प्रणाली. त्यांचा पहिला व जोरदार मारा पीर पंजाल रांगेवर होतो. म्हणून गुलमर्ग, बनिहाल व मनाली या पट्ट्यात हिम खूप पडते, हवा तुलनेने उबदार असते, आणि बहुतेक हिमलोट हिमवृष्टी चालू असताना किंवा तिच्यानंतर एक-दोन दिवसांत कोसळतात. मुख्य हिमालयाच्या रांगेत थंडी अधिक व हिम मध्यम असल्यामुळे दुबळे थर टिकून राहतात. त्याही पलीकडे काराकोरममध्ये, सियाचीनच्या परिसरात, तापमान इतके खाली असते की उतार स्थिर व्हावयास फारच वेळ लागतो. गुलमर्गमध्ये मिळवलेला अनुभव जसाच्या तसा लाहौलमध्ये वापरणाऱ्याची फसगत व्हावी, यात नवल नाही.

आकाशातून पडते तेवढेच हिम मोजणारा मनुष्य वाऱ्याला विसरतो. वारा डोंगरधारेच्या एका अंगाचे हिम खरवडून दुसऱ्या अंगाला टाकतो, आणि हे काम तो हिमवृष्टीच्या कितीतरी पट वेगाने करू शकतो. गावात वीतभर हिम पडले असता धारेच्या आडोशाच्या बाजूला पुरुषभर थर साचलेला असू शकतो. हा थर हाताला घट्ट लागतो, पावलाखाली पोकळ ढोल वाजल्यासारखा आवाज करतो, आणि त्याच्या घट्टपणामुळेच प्रवाशाला विश्वास वाटतो. वस्तुतः ती तयार लादी असते. धारेच्या माथ्यावर वाऱ्याने घडवलेले सज्जेही असतात. पुढे झुकलेल्या सज्ज्याखाली आधार नसतो, आणि तो तुटतो तो पुष्कळदा माथ्यावरून चालणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा बराच मागे.

हिमाच्या पोटातील गोष्टी दिसत नाहीत. पण उताराचा कोन दिसतो, मोजताही येतो, आणि तो खोटे बोलत नाही. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत दोन गुण्या असतात. एका गुण्याचा लहान कोन ३० अंशांचा, दुसऱ्याचे दोन्ही लघुकोन ४५ अंशांचे. लादीचे बहुतेक हिमलोट या दोहोंच्या दरम्यानच्या उतारावर सुटतात. ३८ अंशांच्या आसपास ते सर्वाधिक. ३० अंशांपेक्षा सौम्य उतारावर लादी सहसा निसटत नाही. ५० अंशांच्या पुढे हिम फार साचतच नाही. ते पडता पडताच गळून जाते. दुर्दैव असे की स्कीवरून घसरण्याचा खरा आनंद ज्या उतारावर मिळतो तो उतार हाच. मात्र स्वतः उभे असलेल्या जागेचा कोन मोजून भागत नाही. सपाट मैदानात उभा असलेला माणूसही वरच्या तीव्र उताराच्या मार्गात असू शकतो, आणि दुबळा थर सलग असेल तर पायथ्याशी पडलेल्या पावलानेही वरची लादी सुटू शकते.

डोंगर जुने मार्ग लपवीत नाही. देवदारांच्या दाट रानातून वरपासून खालपर्यंत गेलेला उघडा पट्टा, एकाच बाजूला फांद्या शिल्लक राहिलेली झाडे, बुंध्याशी उताराच्या दिशेने वाकून पुन्हा वर गेलेले भूर्जवृक्ष, या सर्व खुणा हिमलोटाच्या वाटेच्या आहेत. भूर्ज लवचिक असल्याने तो हिमाखाली झोपतो व वसंतात उठतो, देवदार मोडतो. विरळ झाडी संरक्षण देते हा भ्रम आहे. ज्या रानातून स्कीवाला सुखाने जाऊ शकतो, त्या रानातून हिमही जाऊ शकते.

आणखी एक भ्रम आवाजाचा. मोठ्याने हाक मारली की हिमलोट कोसळतो, असे चित्रपटांनी व गोष्टींच्या पुस्तकांनी शिकवले आहे. माणसाच्या आवाजातील दाब त्यासाठी फारच अपुरा असतो. डोंगरात कुजबुजत चालण्याची गरज नाही. उलट, सोबत्याला धोका ओरडून सांगता आला पाहिजे. ऐकावयाचा आवाज वेगळाच आहे. पावलाखाली हिमाचा मोठा भाग एकदम खचतो आणि ‘हुंफ्’ असा खोल, दबका ध्वनी उमटतो. खालचा साखरेचा थर कोसळल्याचा तो ध्वनी होय. त्याच वेळी पायापासून पुढे भेग धावत गेली, किंवा समोरच्या त्याच दिशेच्या उतारावर नुकताच कोसळलेला लोट दिसला, तर आणखी पुरावा मागण्याचे कारण उरत नाही. २४ तासांत ३० सेंटिमीटरहून अधिक नवे हिम, जोराचा वारा, हिमावर पडलेला पाऊस किंवा एकाएकी वाढलेली ऊब, यांपैकी काहीही घडले असता उतार नव्या भाराशी जुळवून घेईपर्यंत त्याला एकटे सोडावे.

नेमके येथेच मनुष्यस्वभाव आड येतो. हिमवृष्टी थांबते, आकाश निळेभोर होते, ऊन पडते, आणि तीन दिवस तंबूत किंवा हॉटेलात कोंडलेला प्रवासी बाहेर धाव घेतो. हवा चांगली म्हणजे डोंगर सुरक्षित, असे त्याचे मन सांगते. वास्तविक वादळानंतरचा हा पहिला निरभ्र दिवस हिवाळ्यातील सर्वांत धोक्याच्या दिवसांपैकी एक असतो. कोणी आधीच त्या उतारावरून गेल्याच्या खुणा दिसल्या की भीती आणखी कमी होते. वस्तुतः दहावा माणूस ज्या जागी पाऊल टाकतो ती पहिल्या नऊ जणांनी टाळलेली असू शकते. मोठ्या चमूत, अनुभवी पुढारी असताना, परतण्याचा विषय काढावयास कोणी धजत नाही. शिक्षण व अनुभव यांनीही अभय मिळत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखराच्या माथ्याजवळ गिर्यारोहणाचे प्रगत प्रशिक्षण घेणारी तुकडी लादीच्या लोटात सापडली व २७ जणांचा अंत झाला. तो हिवाळाही नव्हता. मोसमी पावसाळा संपतानाचे ताजे हिम उंचावर साचलेले होते.

भारतात हिमाचे पद्धतशीर निरीक्षण १९६९पासून होऊ लागले. त्या वर्षी मनाली येथे हिम तथा अवधाव अध्ययन संस्थान स्थापन झाले. सोलंग खोऱ्यातील धुंडी, लाहौलमधील पटसेऊ यांसारख्या ठिकाणी तिची निरीक्षण केंद्रे उभी राहिली. २०२०मध्ये ही संस्था चंडीगढच्या संरक्षण भू-माहितीविज्ञान संशोधन संस्थेत सामावली गेली, आणि हिवाळ्यात हिमलोटाचे इशारे आता तिच्याकडून दिले जातात. धोक्याच्या पाच पायऱ्या मानण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय आहे. या पायऱ्या वाचताना एक चूक सर्रास होते. पाचांतील तिसरी म्हणजे मधली, म्हणून मध्यम, असे समजले जाते. आल्प्स पर्वतातील अनुभव असा की चौथ्या व पाचव्या पायरीला लोक घरी बसतात, आणि हौशी प्रवाशांचे सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पायरीच्या दिवशी होतात. शिवाय इशारा जिल्ह्याचा किंवा विभागाचा असतो. समोरच्या एका उताराविषयी तो काहीच सांगत नाही. गुलमर्गच्या रज्जुमार्गाने अफरवटच्या खांद्यावर काही मिनिटांत पोहोचता येते, पण आखून दिलेल्या हद्दीपलीकडे मोकळा डोंगर सुरू होतो. फेब्रुवारी २०२३मध्ये दोन व फेब्रुवारी २०२४मध्ये एक परदेशी स्कीपटू याच डोंगरावर हिमाखाली गेले.

जाणे ठरलेच, तर वाट निवडणे हेच संरक्षणाचे मुख्य साधन. रुंद सोंडेच्या किंवा धारेच्या वाऱ्याकडील अंगाने चढावे; घळी व नाल्यांचे पोट टाळावे, कारण तेथे लहानसा लोटही खोल साचतो. संशयित उतार ओलांडणे अपरिहार्य असेल तर एका वेळी एकानेच ओलांडावा व बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर दृष्टी ठेवावी. एकाच्या भाराने न तुटणारी लादी चौघांच्या भाराने तुटते. आणि तुटलीच, तर उकरणारे हात शिल्लक राहिले पाहिजेत. वसंतात हिशेब घड्याळाचा असतो. रात्री गोठून दगड झालेले हिम उन्हाने ओले व जड होते, प्रथम पूर्वेकडील उतारावर, मग दक्षिणेच्या, दुपारी पश्चिमेच्या. ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीतून जाणारे पूर्वी पहाटेच वाट धरीत, ते वाऱ्याप्रमाणेच या कारणानेही शहाणपणाचे होते. २०२०मध्ये ९ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यावर लाहौलच्या लोकांचा तो हिवाळी जुगार संपला.

तीन वस्तूंवाचून हिवाळी डोंगरात पाऊल टाकू नये: संकेत पाठवणारा व शोधणारा छोटा रेडिओ-प्रेषक, जोडून लांब होणारी शोधकाठी आणि धातूचे फावडे. तिन्ही प्रत्येकाजवळ हवीत, कारण मदत बाहेरून वेळेवर येत नाही. हिमलोट थांबताच त्याचे हिम ओल्या सिमेंटसारखे आवळते. गाडलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. म्हणून लोट चालू असतानाच काठ्या व स्की सोडून पृष्ठभागावर राहण्यासाठी धडपडावे आणि वेग मंदावताना हात तोंडापुढे आणून श्वासापुरती पोकळी करावी. जुन्या युरोपीय अभ्यासांत पहिल्या पाव तासात बाहेर काढलेल्यांपैकी दहातील नऊ जिवंत आढळत; अलीकडील स्विस नोंदींच्या अभ्यासाने ही मुदत १० मिनिटांवर आणली आहे. अर्धा तास उलटल्यावर तिघांतील एकच वाचतो. मृत्यू बहुधा थंडीने नव्हे, गुदमरून येतो.

हवेची पोकळी असेल तर हे गणित बदलते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवरील ठाणे हिमाखाली गेले, तेव्हा कर्नाटकातील धारवाड जिल्ह्याचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचे नऊ साथी आधीच गेले होते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथपलीकडील माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरील ५४ मजूर गाडले गेले. त्यांपैकी पुष्कळजण लोखंडी कंटेनरमध्ये राहत होते. कंटेनर फेकले गेले, पण आत हवा उरली, आणि ४६ जण वाचले.

उघड्या उतारावर सापडलेल्याला असा कंटेनर नसतो. सोबत्यांनी तो शेवटचा जेथे दिसला ती जागा मनात पक्की करावी व तिच्यापासून खाली शोध सुरू करावा. प्रेषकाने जागा दाखवल्यावर काठी खुपसावी, ती अंगाला लागली की तशीच राहू द्यावी, आणि खड्डा वरून न खणता उताराच्या खालच्या बाजूने आडवा खणत जावे. वर उभे राहून खणणाऱ्याच्या वजनाने आतली पोकळी दबते. तोंड व छाती प्रथम मोकळी करावयाची. त्याआधी एकाने मात्र फावडे न उचलता वरच्या उताराकडे पाहत उभे राहावे, कारण त्याच घळीतून दुसरा लोट येऊ शकतो.